माझ्या पोटातली तूप-पोळी

मी एक जुना बंपर आहे. गाडीला पुढे-मागे असतो तो नव्हे, मित्रांनो. तो ठोकरा खातो आणि मी पाणी खातो, एवढाच आम्हा दोघांत फरक. मी म्हणजे हातभर लांबीचा, जाड कॅनव्हासचा, केशरी रंगाचा एक लोड. माझ्या पोटात एक कापडी पिशवी आहे आणि त्या पिशवीत बुचाचे तुकडे आहेत. एका टोकाला दोरीची शेपटी आहे. ती धरून मला गरगर फिरवतात, तळ्यात भिरकावतात, आणि शिकारी कुत्र्याच्या पिल्लाने पोहत येऊन मला तोंडात धरून काठावर न्यायचे असते. हेच माझे काम.

सध्या मी मिनेसोटातल्या एका शेतावरच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. माझी एका बाजूची शिवण उसवलेली आहे, आणि ती कुणीही शिवायची नाही असा इथे दंडक आहे. तो का, हे सांगायचे म्हणजे माझी लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागेल. सांगतो. लपवून ठेवण्याचे काम मी एकदा केले आहे, पुन्हा करणार नाही.

मला मार्लिसबाईंनी शिवले. मार्लिसबाई सत्तरीच्या, उंच, उजव्या गुडघ्याने अधू आणि बोलायला कमी. मिनीॲपोलिसपासून पश्चिमेला दीड तासावर त्यांचे शेत आहे. तिथे त्या राठ केसांचे, दाढीमिशांचे जर्मन शिकारी कुत्रे पाळतात. हे कुत्रे अष्टपैलू. गवतात लपलेला पक्षी वासावरून हुडकायचा, त्याच्यासमोर एक पाय उचलून निश्चल उभे राहायचे, जखमी पक्ष्याचा माग काढायचा, आणि तो पाण्यात पडला तर पोहत जाऊन आणायचा, ही सगळी कामे एकाच कुत्र्याने करायची. हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ साचला की मार्लिसबाई खिडकीशी बसून पुढच्या पिल्लांसाठी बंपर शिवतात. प्रत्येक पिल्लामागे एक. मेण लावलेला पांढरा दोरा, बारीक घट्ट टाके. माझा शेवटचा टाका घालून झाल्यावर त्यांनी मला मांडीवर दोनदा आपटले आणि म्हणाल्या, "चांगला झालास." ते माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक. त्या बोलतात इंग्रजीतच. मी मात्र तुम्हाला मराठीत सांगतो आहे, कारण माझे पुढचे दिवस एका मराठी घरात गेले.

ते घर ईडन प्रेरीतले. घरात तिघे जण. गुरुनाथकाका पुण्याचे, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायचा त्यांना पगार मिळायचा, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शोभनाकाकू बँकेत. आणि त्यांची मुलगी इशिता, पंधरा वर्षांची, तिथेच जन्मलेली. घरात अंडेसुद्धा येत नाही, आणि मुलीला हवा शिकारी कुत्रा! एका जत्रेत तिने मार्लिसबाईंचे कुत्रे काम करताना पाहिले आणि तेव्हापासून तिला दुसरे काही सुचेना. "एखादं मांडीवर बसणारं पांढरं पिल्लू घे की," असे काकू वर्षभर म्हणत राहिल्या. इशिताने मार्लिसबाईंना चार पत्रे लिहिली. पहिल्या तिन्हींना उत्तर आले नाही. चौथ्याला आले, आणि सोबत एक करार आला.

करार असा होता. पिल्लू सोळा महिन्यांचे व्हायच्या आत त्याने या जातीच्या कुत्र्यांच्या क्लबाची परीक्षा द्यायची, शेतातली आणि पाण्यातलीही. दोन्हींत पास झाले तर ते इशिताचे. नापास झाले तर मार्लिसबाई त्याला परत नेणार. "या कुत्र्यांना काम लागतं," त्या म्हणाल्या. "काम न मिळालेला कुत्रा घरात बसून खचतो. तसं मी होऊ देणार नाही." काकांनी वाचून सही केली. दोन महिन्यांचे ते पिल्लू इशिताच्या कुशीत आणि मी तिच्या पिशवीत, असे आम्ही जुलैतल्या एका दुपारी ईडन प्रेरीला आलो.

पिल्लाचा रंग पाहून काकूंनी त्याचे नाव कोकम ठेवले. माझी जागा गॅरेजमधून घरात शिरताना लागणाऱ्या छोट्या खोलीत, बुटांच्या कपाटावर होती. तिथून स्वयंपाकघरही दिसायचे आणि काकांची कामाची खोलीही. ते दिवस फार सुखाचे होते, मित्रांनो. कोकमचे दुधाचे दात माझ्याच अंगावर पडले. त्या खुणा अजून आहेत. इशिता शाळेतून आली की मला हिरवळीवर टाकायची, तो मला आणायचा, आणि ती "गुड बॉय" म्हणाली की आपल्यालाही म्हटले असे मला वाटायचे. शेतातल्या कामात तर तो सरसच निघाला. एकदा मागच्या अंगणात काकूंच्या टोमॅटोच्या वाफ्यासमोर एक पाय उचलून अर्धा तास उभा राहिला. शेवटी पानांखालून एक चिमणी उडाली.

इशिता शाळेत, काकू बँकेत, आणि काका आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करणारे. त्यामुळे झाले काय, की कुत्रा इशिताचा म्हणून आला आणि काकांचा होऊन बसला. त्यांच्या टेबलाखाली, त्यांच्या पायांवर हनुवटी ठेवून तो दिवसभर पडून असायचा. दुपारी काका जेवायला बसले की त्याला तूप लावलेल्या पोळीचा तुकडा मिळायचा. काका जिथे, तिथे कोकम. मला याचा हेवा वाटायचा, पण ते असू द्या.

अडचण आली पाण्याशी. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात आम्ही घराजवळच्या तळ्यावर गेलो. इशिताने मला फेकले. मी पाण्यावर डुलत वाट पाहत राहिलो. कोकम काठापर्यंत आला, पुढचे पंजे ओले झाले, आणि तो मागे वळून काकांच्या पायांशी जाऊन बसला. इशिता स्वतः पाण्यात उतरली, छातीपर्यंत गेली, हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. तो कुईकुई करायचा, पण काकांना सोडून जायचा नाही. असे आठ दिवस झाले. मग इशिताने मार्लिसबाईंना बोलावले. त्यांनी काठावर उभे राहून पाच मिनिटे सगळे पाहिले आणि काकांकडे वळल्या.

"हा कुत्रा तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही उतरा. तो मागून येईल."

"मला पोहता येत नाही," काका म्हणाले.

"पोहायचं कुत्र्याला आहे. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात चालत जा."

काका हसले. पुढच्या रविवारी नक्की, म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांचे पोट दुखत होते. त्याच्या पुढच्या रविवारी कंपनीचा रिलीज होता. खरे कारण मला ठाऊक आहे, कारण एका सकाळी ते मला घेऊन एकटेच तळ्यावर आले होते. चपला काढून त्यांनी घोट्यापर्यंत पाय बुडवले. पलीकडे शेजारचे लोक त्यांच्या बोटीत बसून कॉफी पीत होते, त्यांनी हात हलवला. काकांनी घाईने पाय बाहेर काढले, जणू काही चोरी करताना सापडले. पाण्याची भीती होतीच. पन्नाशीच्या घरातल्या माणसाला चड्डीवर, थरथरत, गुडघाभर पाण्यात उभे असताना लोक बघतील, ही भीती त्याहून मोठी होती.

जुलैत इशिता दोन आठवड्यांसाठी शाळेच्या कॅम्पला गेली. जाताना कोकमच्या गळ्यात पडून रडली. परीक्षेला सहा आठवडे उरले होते. त्याच दिवशी दुपारी काका काकूंचा शिवणाचा डबा घेऊन बसले, मला मांडीवर घेतले, आणि मार्लिसबाईंचे ते पांढरे टाके एकेक करून कापले. मला वाटले, कुठे फाटलो असेन. मग त्यांनी सकाळच्या दोन पोळ्या कुस्करल्या, त्यात चमचाभर तूप घातले, मळून एक लांबट लाडू केला, आणि तो कॅनव्हास आणि आतली पिशवी यांच्यामध्ये सारला. वरून काळ्या दोऱ्याने टाके घातले. लांब, वाकडेतिकडे.

"काय शिवतोयस?" काकूंनी विचारले.

"उसवलं होतं जरा."

मित्रांनो, ते पहिले खोटे. मी तेव्हा कुशीतून वास सोडण्याखेरीज काही करू शकत नव्हतो, आणि तो वास ओळखणारा घरात एकच जण होता. तो कान टवकारून माझ्याकडे बघत होता.

तळ्यावर काकांनी मला आधी काठालाच टाकले, मग हातभर आत, मग दोन हात. कोकमने मला आणले की ते शिवण सैल करून त्याला एक घास द्यायचे. चौथ्या दिवशी तो पोहला. आठव्या दिवशी तळ्याच्या मध्यापर्यंत आला. रोज नवा लाडू, रोज नवे टाके. घरातले तूप इतके झपाट्याने उतरायला लागले की काकूंनी एकदा बरणी वर करून पाहिली. "तुझं कोलेस्टेरॉल दोनशे चाळीस आहे ना? मग हे तूप कुठे चाललंय?" काकूंनी बरणी वरच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी काकांनी स्टूल घेतले.

इशिता परत आली त्याच संध्याकाळी तिने मला फेकले आणि कोकमने पाण्यात उडी मारली. ती किंचाळलीच. मग काकांना मिठी मारून विचारू लागली, "बाबा! हाऊ? कसं केलंस?"

इथे काकांना खरे सांगता आले असते. ती नुकती आली होती, आनंदात होती, दोघे हसले असते आणि उरलेल्या दिवसांत काही मार्ग काढला असता. काका म्हणाले, "गेलो पाण्यात. कमरेपर्यंत. आला मागे."

"यू वेंट इन? तू? पाण्यात?" तिचे डोळे भरून आले. "बाबा, आय कान्ट बिलीव्ह यू डिड दॅट."

आणि मग तिने ते सगळ्यांना सांगितले. शाळेत, मराठी मंडळाच्या मुलांना, पुण्याला फोनवर आत्याला, आणि मार्लिसबाईंना. माझा बाबा पाण्याला इतका घाबरतो, पण कुत्र्यासाठी तळ्यात उतरला. दर वेळी काका काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जायचे. कपाटावरून मला त्यांचा चेहरा दिसायचा. तो माणूस आतून सुकत चालला होता, आणि मी त्याचे गुपित पोटात घेऊन गुबगुबीत होत होतो.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी होती. आदल्या रात्री भरलेला ताजा लाडू माझ्या पोटात होता. तीन परीक्षक, हातात तक्ते, प्रत्येक कामाला शून्य ते चार गुण. सकाळी शेतातले काम झाले. कोकम वाऱ्यावर नाक धरून गवतातून असा फिरला की बघणारे बोलायचे थांबले. पक्ष्यासमोर उभा राहिला, आवाजाची खोटी बंदूक वाजली तरी हलला नाही. त्याने ते सगळे खरेपणाने केले, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. खोटा मी होतो, तो नव्हता.

दुपारी तळे. नियम वाचून दाखवला गेला. बंपर आपला आणला तरी चालेल, पण कोरा हवा. त्याला पक्ष्याचे पीस नको, खाऊ नको, काही नको. एका परीक्षकाने मला हातात घेतले, दोन बोटांनी दाबले. मी मनात म्हणत होतो, अजून दाब, जरा अजून दाब. त्याने मला इशिताच्या हातात दिले.

तिने मला फेकले. तो आला. पुन्हा फेकले. पुन्हा आला. दुसऱ्या खेपेला उन्हाने तूप वितळले होते, आणि माझ्याभोवती पाण्यावर एक चकचकीत तवंग पसरला. एक परीक्षक म्हणाला, "कुणाच्या बोटीचं तेल गळतंय वाटतं." इशिताने कोकमच्या तोंडातून मला घेतले, नाकाजवळ आणले, आणि क्षणभर थबकली. मग मला पटकन टॉवेलात गुंडाळले.

पाण्यात चारपैकी चार. कोकम पास झाला, इशिताचा झाला. मार्लिसबाईंनी येऊन काकांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "तुमच्यासारखे लोक कमी भेटतात," त्या म्हणाल्या. काकांनी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

त्यानंतर मला कुणी फेकले नाही. काकांनी उरलेला लाडू काढला नाही, बहुतेक मला हात लावायचीच त्यांना शरम वाटत असावी. मी बुटांच्या कपाटावर पडून राहिलो आणि माझ्या पोटातले तूप खवट होत गेले. कोकम येता-जाता मान वर करून हुंगायचा. इशिता मात्र माझ्याकडे बघायचे टाळायची. मला वाटले, विसरली.

ऑक्टोबरात मार्लिसबाईंचा फोन आला. बदकांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला होता. तुम्ही बंदूक घेऊ नका, नुसते या, पण कोकोला त्याचे खरे काम एकदा करू द्या, असे त्या म्हणाल्या. कोकमला त्या कोकोच म्हणत. आम्ही गेलो, काकू तेवढ्या घरी राहिल्या; मला इशिताने सवयीने पिशवीत टाकले होते. शेतामागच्या दलदलीच्या काठावर, लव्हाळ्यात, सगळे थंडीत दबा धरून बसले. मार्लिसबाईंबरोबर एरवी कोकमची आई असायची, पण तिचा पाय दुखावला होता, म्हणून ती घरी होती.

"कुत्रा बरोबर नसेल तर मी बंदूक उचलत नाही," मार्लिसबाई हळू आवाजात इशिताला सांगत होत्या. "पक्षी जखमी होऊन पाण्यात पडला आणि आणायला कुणी नसेल, तर तो दोन-दोन दिवस मरत राहतो. ही परीक्षा त्यासाठीच असते. आज मी कोकोच्या भरवशावर आले आहे."

काका शेजारीच होते. त्यांनी ते ऐकले. इतके दिवस त्यांना वाटत होते की परीक्षा म्हणजे गुण. शाळेत असतात तसे, नोकरीत असतात तसे. त्यांनी मार्लिसबाईंच्या बाहीला हात लावला, काहीतरी बोलायला तोंड उघडले, आणि त्याच वेळी चार बदके लव्हाळ्यावरून उठली. मार्लिसबाईंची बंदूक वाजली. एक बदक तिरके होत पाण्यात पडले. मेले नव्हते. एक पंख मोडला होता आणि दुसरा पंख पाण्यावर आपटत होता.

"आण," मार्लिसबाई म्हणाल्या.

कोकम पाण्यापर्यंत गेला. बदकाकडे पाहिले, मग मागे वळून काकांकडे पाहिले. मार्लिसबाईंनी पुन्हा सांगितले. तो हलला नाही. पंखाचा तो फटफट आवाज सारखा येत होता. इशिताला काही सुचेना. तिने पिशवीतून मला काढले आणि बदकाच्या दिशेने फेकले. एकदा पाण्यात शिरला की त्याला बदक दिसेल, असे तिला वाटले असणार.

मी बदकापासून दोन हातांवर पडलो. मित्रांनो, मी त्याचा डोळा पाहिला. काळा, गोल, उघडा. कोकमने उडी मारली, जोरात पोहत आला, बदकाच्या अगदी जवळून गेला, आणि त्याने मला उचलले. मला! ज्याला काही दुखत नव्हते त्याला उचलून तो काठाकडे निघाला. मागे ते बदक पाणी कापत लव्हाळ्यात घुसले आणि दिसेनासे झाले.

काठावर कोकमने मला कुणाला दिले नाही. तो आडवा पडला आणि माझी शिवण दातांनी ओढू लागला.

इशिता रडायला लागली. "इट्स माय फॉल्ट. मी खूप जवळ टाकला."

"नाही," मार्लिसबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. अजून लहान आहे तो. या थंड पाण्यात घाई केली मी."

दोघी आपापल्या माथ्यावर दोष घेत होत्या आणि काका मधे उभे होते. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळले नसते. त्यांनी वाकून कोकमच्या तोंडातून मला सोडवले, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तो काळा दोरा तिच्या टोकाने तोडला. माझ्या पोटातला काळपट, खवट लाडू चिखलात पडला. कोकमने तो दोन घासांत संपवला.

"मी पाण्यात गेलोच नव्हतो," काका इंग्रजीत म्हणाले. "मी यात खाणं भरत होतो. परीक्षेच्या दिवशीही भरलं होतं. हिला काही माहीत नाही."

मार्लिसबाईंनी मला हातात घेतले. शिवणीच्या तोंडावर चिकटलेल्या काळ्या दोऱ्याच्या शेंड्यांवरून अंगठा फिरवला. "हे टाके मी परीक्षेच्या दिवशीच पाहिले होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, फाटला असेल, तुम्ही बसून दुरुस्त केलात. मला बरं वाटलं होतं."

त्या ओरडल्या असत्या तर परवडले असते.

"आय न्यू, बाबा," इशिता म्हणाली.

काका तिच्याकडे वळले.

"टेस्टच्या दिवशी. तुपाचा वास आला मला. आय न्यू, अँड आय डिडन्ट से एनिथिंग. कोकम जाईल म्हणून. आणि... तू पाण्यात गेलास असं मी सगळ्यांना सांगितलं होतं."

असे हे झाले होते. दोन महिने एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत, दोघे आपापली शरम एकमेकांपासून लपवत बसले होते. आणि मी कपाटावर, तिसरा.

"हे सगळं नंतर," मार्लिसबाई म्हणाल्या. "आधी पक्षी." त्यांनी बंदूक रिकामी करून ठेवली आणि अधू गुडघ्यानिशी पाण्यात उतरल्या. इशिता काठाकाठाने लव्हाळी चाळत निघाली. काका क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि बूट, पँट, जाकीट सगळ्यासकट पाण्यात पाय टाकला. घोटे, गुडघे, मांड्या. त्यांचे दात वाजत होते. कमरेइतक्या पाण्यात पोचले तेव्हा मागे छपाक असा आवाज झाला.

कोकम होता. कुणी बोलावले नव्हते, कुणी काही फेकले नव्हते, मी तर काठावर रिकामा पडलो होतो. तो सरळ पोहत काकांच्या शेजारी गेला आणि त्यांच्या बाजूबाजूने पोहू लागला. एवढेच करायचे होते. जूनमधल्या कोवळ्या उन्हात, एका सकाळी, पाच मिनिटांत होण्यासारखे काम. काका त्याच्याकडे पाहत पाण्यात उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. ते थंडीने की कशाने, ते मी सांगणार नाही.

तिघांनी आणि कोकमने दीड तास शोधले. बदक मिळाले नाही.

मार्लिसबाईंनी त्याच दिवशी क्लबाला फोन करून निकाल रद्द करवला. कोकम तेव्हा सतरा महिन्यांचा होता, परीक्षेचे वय निघून गेले होते. करार म्हणजे करार. काकांची गाडी निघाली तेव्हा तो मार्लिसबाईंच्या कुंपणाआड उभा राहून वळणापर्यंत बघत होता, आणि मग त्याने तिथेच बसकण मारली. मला मार्लिसबाईंनी सोड्याच्या पाण्यात दोनदा धुतले, उन्हात वाळवले, आणि उसवलेला तसाच ठेवला. "पुन्हा कुणी काही भरलं तर दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या.

काका-इशिता दर रविवारी येत राहिले. दीड तास जायला, दीड तास यायला, बर्फ असो की नसो. मार्लिसबाईंनी त्यांना या म्हटले नाही आणि येऊ नका असेही म्हटले नाही. मेमध्ये तळे मोकळे झाले तेव्हा काका म्हणाले, "मी हिवाळाभर पोहायला शिकलो. सहा-सात वर्षांच्या पोरांच्या वर्गात." मार्लिसबाईंनी पहिल्यांदाच हसू दाबले. त्यानंतर दर रविवारी काका चड्डीवर, थरथरत, सगळ्यांच्या देखत तळ्यात उतरायचे आणि कोकम त्यांच्या मागून. मग मला फेकायचे. पहिल्या वेळी कोकमने माझ्या उसवलेल्या कुशीत नाक खुपसले. आत काही नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले, काकांकडे पाहिले, आणि मला उचलले. जूनच्या अखेरीस तो मला काय, मार्लिसबाईंनी लव्हाळ्यात लपवलेले मेलेले बदकही नेमके हुडकून आणू लागला.

"घेऊन जा त्याला," एका रविवारी मार्लिसबाई म्हणाल्या. "कागदावर तो नापासच राहील."

"चालेल," इशिता म्हणाली. मग तिने मला उचलले. "अँड हिम?"

"हा इथेच राहील."

म्हणून मी इथे आहे. नवे पिल्लू न्यायला कुणी आले की मार्लिसबाई मला खिळ्यावरून काढतात, त्यांच्या हातात देतात आणि उसवलेली शिवण दाखवतात. काय झाले ते सांगतात, कुणाचे नाव मात्र सांगत नाहीत. दर वेळी मला नव्याने लाज वाटते. वाटू दे. त्या बदकाला कुणी विचारले नव्हते की कोणाच्या प्रेमापायी कोण खोटे बोलले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारख्या मुक्या वस्तू असतील, मुकी जनावरे असतील. आम्हाला ऊन दाखवा, धुऊन ठेवा, फाटलो तर शिवा. पण तुमचे खोटे आमच्या पोटात भरू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.

काका, इशिता आणि कोकम अजून अधूनमधून येतात. गॅरेजमधून तळ्याकडे जाताना कोकम माझ्याखाली थांबतो, मान वर करून एकदा हुंगतो, आणि काकांच्या मागे पाण्याकडे निघून जातो.